रोज खोल होणारा खड्डा

त्या खड्ड्याची आठवण आली की आजही माझ्या तळपायांना मुंग्या येतात. एप्रिलमधला सोमवार होता. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाण्यात मी, ठाणे अंमलदार आणि आमचे जुने जमादार असे तिघे होतो. बाकीचे बीटवर निघाले होते. तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, मशीनवाले नाल्याकाठी गुप्तधन काढून राह्यले. लिंबू, नारय, कुंकू, सारं पडून हाय तिथं. लोकं म्हन्तेत, एखांद्या लेकराचा बळी जाईन. तुम्ही लवकर या, नाई तं गाव आज त्यायले ठोकून काढते."

केळापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी इथे देत नाही. त्या प्रकरणातली मुलगी आता मोठी झाली आहे, आणि तिला तिचं आयुष्य सुखाने जगू द्यावं असं मला वाटतं.

त्या गावाजवळ नाल्यावर पूल व्हायचा होता. पूल बांधण्याआधी जमिनीच्या पोटात काय आहे हे तपासावं लागतं. त्यासाठी यंत्राने खोल बोअर घेतात आणि वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि दगड काढून लाकडी खोक्यांत क्रमाने मांडतात. शिवाय जेसीबीने एखादा चौकोनी खड्डा घेतात, म्हणजे जमिनीचे थर डोळ्यांनी पाहता येतात. हे काम करायला बाहेरगावचे चार मजूर आले होते. त्यांच्यावर अमरावतीकडचा एक तरुण इंजिनीअर होता. एवढं मला आधीपासून माहीत होतं, कारण बाहेरची माणसं हद्दीत आली की आम्ही त्यांची नोंद घेतो.

मी, जमादार आणि बीटवरून परत बोलावलेले दोन शिपाई जीपने गेलो. खड्ड्यापासून बऱ्याच अंतरावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. काहींच्या हातात काठ्या होत्या, पण खड्ड्याजवळ जायला कोणी तयार नव्हतं. मजूर मशीनच्या सावलीत एकमेकांना चिकटून बसले होते. गाव त्यांना भीत होतं आणि ते गावाला. पण थोडं बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की मजुरांना गावापेक्षा खड्ड्याची भीती जास्त होती.

त्यांचा मिस्त्री म्हणाला, "साहब, हर बोअर के पहले हम मशीन की पूजा करते हैं. नारियल फोडते हैं और खा लेते हैं. मगर ये हमारा नहीं है."

त्याने दाखवलेला नारळ खड्ड्याच्या कडेला होता. न फोडलेला, काळ्या फडक्यात गुंडाळलेला.

इंजिनीअरने मला बाजूला घेतलं. मुलगा शिकलेला, शांत होता, पण बोलताना खड्ड्याकडे पाठ करत नव्हता. "सर, मी शुक्रवारी सकाळी खड्डा बरोबर तीन मीटरवर थांबवला. काळ्या मातीत त्याखाली आधार लावल्याशिवाय आम्ही जात नाही. शनिवारी मापला तर वीतभर जास्त भरला. मला वाटलं, टेप चुकली. रविवारी आणखी खोल. आज तुम्हीच पाहा."

टेपचं एक टोक मी धरलं. तीन मीटर ऐंशी सेंटिमीटर.

मी त्याला एकच विचारलं. "माती कुठे आहे?"

खड्डा आपोआप खोल होत असेल, तर मातीचा प्रश्नच नाही. माणूस खोल करत असेल, तर माती कुठेतरी टाकलेली असणार. आम्ही नाल्यात उतरलो. बेशरमच्या झुडपांमागे ती सापडली. ओलसर, ताजी, आणि वरून पाला पसरलेला. माझ्या शिपायांचा जीव भांड्यात पडला. भुताचा प्रश्न निकालात निघाला होता.

पण वर आल्यावर जमादार खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसलेले दिसले. "साहेब, इकडं या जरा."

मशीनच्या पाण्याने तिथे चिखल झाला होता आणि तो वाळत आला होता. त्यात अनवाणी पावलांचे ठसे होते. मी शेजारी पंजा ठेवून पाहिला. पाऊल माझ्या पंजापेक्षा लहान होतं. नऊ-दहा वर्षांच्या लेकराचं असावं. काही ठसे जुने होते, काही नवे. ते लेकरू तिथे एकापेक्षा जास्त वेळा आलं होतं आणि प्रत्येक वेळी कडेवर, खड्ड्याकडे तोंड करून बसलं होतं.

जमादार हळू आवाजात म्हणाले, "पायाळू लेकरू असन साहेब."

जे मूल पायाकडून जन्माला येतं ते पायाळू. अशा मुलाच्या अंगठ्याच्या नखावर काजळाचं अंजन लावून त्यात पाहायला सांगितलं, की जमिनीतलं धन त्याला दिसतं, असा समज आमच्याकडे अजून आहे. नोकरीत मी अशी दोन प्रकरणं ऐकली होती. धन न मिळाल्यावर अशा मुलाचं काय केलं जातं, तेही ऐकलं होतं.

आता मला गुन्हेगाराच्या आधी ते मूल शोधायचं होतं.

साइटवर रात्री मशीन राखायला गावातलाच एक माणूस चौकीदार म्हणून ठेवलेला होता. वय चाळीसच्या आसपास, दोन एकर तुरीचं रान, स्वभावाने गोड. दुपारी त्याला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. समोर पाण्याचा ग्लास ठेवला. माझी सवय अशी की पहिली पाच-दहा मिनिटं मी कामाचं काहीच विचारत नाही. माणूस खुर्चीत कसा बसतो ते पाहतो.

"रात्री तू मशीनजवळच झोपतोस?"

"हाव साहेब. खाट टाकतो."

"मग खड्डा कोण खणतं?"

"मले तं काईच आवाज आला नाई. दिवसभर वावरात काम, रात्री पडलो का मेलो."

"गावात म्हणतात, आपोआप खोल होतो. तुला भीती नाही वाटत?"

तो हसला. "कायची भीती? भूतगित काई नसते साहेब. आपन आता जुन्या जमान्यातले हावो का?"

जमादार दारातून म्हणाले, "वा बाप्पा! साऱ्या गावात तूच एक शास्त्रज्ञ निंगाला!"

चौकीदार त्यावरही हसला. मला मात्र त्याचं हसणं खटकलं. त्या दिवशी मी ज्यांच्याशी बोललो ते सगळे भ्यालेले होते. पोलीस पाटील, मजूर, इंजिनीअर, माझे शिपाई. खरं सांगायचं तर थोडा मीही. भूत न मानणारा माणूस असू शकतो. पण आपल्या खाटेपासून वीस पावलांवर रात्री कोणीतरी येऊन खणतं हे कळल्यावर त्याने चोराची तरी भीती बाळगायला हवी होती. पुढच्या रात्री सोबतीला माणूस द्या, असं तरी म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. ज्याला खणणारा कोण हे माहीत असतं, त्यालाच भीती वाटत नाही.

पण एवढ्यावर अटक करता येत नाही. हाताला घट्टे होते, ते तर प्रत्येक शेतकऱ्याच्या हाताला असतात. घरी पोरंबाळं किती, असं विचारलं तर म्हणाला, "मले नाई साहेब. भावाची एक पोरगी हाय." तेव्हा हे वाक्य मी जबाबात लिहून घेतलं आणि पुढे गेलो. संध्याकाळी समज देऊन त्याला सोडलं. इंजिनीअरने त्याला कामावरून काढलं.

खड्डा लगेच बुजवा, असं मी इंजिनीअरला सांगितलं. तो म्हणाला, गुरुवारी बांधकाम खात्याचे वरिष्ठ थर पाहायला येणार आहेत, तोपर्यंत उघडा ठेवावा लागेल. मग आम्ही भोवती काटेरी फांद्या लावल्या आणि रात्री दोन शिपाई बसवले. सोमवारची रात्र शांत गेली. खड्डा एक बोटभरही वाढला नाही.

मंगळवारी गावातल्या आशाताईंना मी कामाला लावलं. घरोघर जाऊन, कोणत्या घरात पायाळू मूल आहे हे गोडीत विचारायचं. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या.

"साहेब, कोनी सांगेचना. मी 'पायाळू' म्हटलं का बाया लेकरायले आत ओढून दार लावून राह्यल्या. एक बाई तं माह्या अंगावर आली. म्हने, कायले पाह्यजे तुले पायाळू?"

मला भीती थांबवायची होती आणि मी ती घरोघर पोचवली होती. ज्या घरी खरंच पायाळू मूल होतं, त्या आईनेही "नाही" असंच सांगितलं होतं. तिचं काय चुकलं? जन्मापासून तिने ती गोष्ट लपवून ठेवली होती, ती अशाच दिवसासाठी.

बुधवार हा ठाण्याच्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस. बंदोबस्ताला सगळी माणसं लागतात, म्हणून खड्ड्यावरचे शिपाई सकाळी परत बोलावले. दिवसाउजेडी कोण येणार, असा हिशेब होता. मजुरांनाही सुट्टी होती. ऊन इतकं होतं की बाराच्या सुमाराला ठाण्यासमोरच्या डांबराला चपला चिकटत होत्या. तेवढ्यात एक बाई पायऱ्यांवरून धडपडत वर आली. हातातली पिशवी तिने उंबऱ्यातच टाकली. कांदे घरंगळत आत आले.

"साहेब, माही पोरगी! तिच्या काकानं बाजारात नेतो म्हनून नेली. सारा बाजार पाह्यला मी, थे दोघं कुठीच नाई."

"काका कोण?"

तिने चौकीदाराचं नाव सांगितलं.

"तुमची मुलगी पायाळू आहे?"

ती मटकन खाली बसली. "आम्ही कोनाले सांगतलं नव्हतं साहेब. घरच्याच मानसायले ठाऊक. थे रोज दुपारी नाल्याकाठच्या वावरात काकाले डबा नेऊन दे. रविवारी तिच्या नखाले काजळ पाह्यलं, तं मीच तिले मारलं, कायले काजळ सांडते म्हनून. काल आशाबाईनं विचारलं तवा डोक्यात आलं, पन घरचाच मानूस... घरच्या मानसाचं कसं मनात आनावं?"

तेव्हा मला सगळं दिसलं. आम्ही दोन रात्री खड्डा राखला. पण नखावरच्या अंजनात पाहायला उजेड लागतो. रात्री फक्त खणणं व्हायचं. मुलीला बसवायचे भर दुपारी, मजूर जेवायला गावात गेले की. आणि आज दुपारी त्या शिवारात चिटपाखरू नव्हतं.

महिला शिपाई, जमादार, दोन शिपाई आणि मुलीची आई यांना घेऊन निघालो. इंजिनीअर बाजाराजवळच भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याला वाटेत घेतलं. माझं बोलणं ऐकताच तो म्हणाला,

"सर, गाडी जवळ नेऊ नका. काल संध्याकाळी नाल्याकडच्या कडेला भेग दिसली होती. बोट जात होतं आत. काळी माती वाळली की अशीच फाटते. तिथे कोणी उभं राहिलं तर पूर्ण कड आत बसेल."

"आणि आत कोणी असेल तर?"

त्याने पुढच्या पळसाकडे बोट दाखवलं.

गाडी लांब पळसाखाली थांबवली. आईला महिला शिपायाने धरून ठेवलं. तिचं तोंड तिला दाबावं लागलं, हे मी लपवत नाही. आम्ही चालत पुढे गेलो. कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाटीच्या ढिगामागून मला दोन माणसं दिसली. एक पांढऱ्या कपड्यातला, पन्नाशीचा, परगावचा मांत्रिक. दुसरा चौकीदार. दोघे नाल्याकडच्याच कडेवर होते. चौकीदाराच्या मनगटाला दोर गुंडाळलेला होता आणि दोराचं दुसरं टोक खाली खड्ड्यात गेलं होतं.

खालून आवाज आला, बारीक, दमलेला. "काका, येऊ का आता वर? लय गरम होते."

माझ्या हाताखालच्या माणसांना पळत जाऊन धरायची सवय. मलाही तीच. तीस वर्षं तेच केलं होतं. पण धावलो तर ते दोघेही पळणार, आणि त्यांच्या पहिल्याच झटक्याने कड सुटणार. ओरडलो तरी तेच. मी शिपायांना बोटाने थांबवलं, टोपी काढली आणि एकटाच मोकळ्यावर आलो.

मांत्रिकाने मला पाहिलं आणि पिशवी उचलून तो मागे सरला. तो कडेपासून दूर जात होता, म्हणून मी त्याला जाऊ दिलं. पऱ्हाटीपलीकडे जमादार होतेच. चौकीदार मात्र जागेवर गोठून उभा राहिला.

मी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणालो, "हलू नका भाऊ. दोर सोडू नका. तुमच्या मागे पाहा, टाचेजवळ."

"कायले?"

"पाहा तर."

त्याने मान वळवली. भेग आता बोटभर नव्हती, पंजाएवढी झाली होती. तो उभा होता तो पट्टा जमिनीपासून सुटला होता. त्या माणसाच्या तोंडावर मी तेव्हा पहिल्यांदा भीती पाहिली. त्याचे गुडघे थरथरायला लागले आणि त्या थरथरीने मातीचे दोन-चार गोळे खाली पडले.

खालून मुलगी म्हणाली, "काका, माती पडून राह्यली."

"आता हळू खाली बसा," मी म्हणालो. "पोटावर पालथे पडा. असं. दोर जमिनीवर ठेवा. आता मागे सरका. उठायचं नाही. सरका."

तो सापासारखा सरकत भेगेच्या अलीकडे आला. हे सगळं व्हायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. तेवढ्यात इंजिनीअरने समोरच्या बाजूला, जिथे खाली मुरूम होता आणि कड घट्ट होती, मशीनखालच्या दोन फळ्या आडव्या टाकल्या. फळीवर झोपून त्याने साइटवरची शिडी आत सोडली.

"बेटा, तुझ्या मागे शिडी आहे. पुढच्या भिंतीला हात लावू नको. मागे वळ. चढ."

"काका रागावन."

"नाही रागावणार. चढ."

आधी काजळाने भरलेला अंगठा दिसला, मग दोन वेण्या. तिला उचलून मी मागे चालत गेलो, पळालो नाही. पळसापर्यंत पोचल्यावर तिला खाली ठेवायला वाकलो. आईने तिला माझ्या हातून अक्षरशः ओढून घेतलं. आधी एक चापट मारली, आणि मग ती रडायला लागली.

दुपारी तीनच्या पुढे, पंचांसमोर पंचनामा चालू असताना, नाल्याकडची कड आत बसली. मोठा आवाज झाला नाही. धान्याचं पोतं टाकल्यासारखं काहीतरी वाजलं आणि धूळ वर आली. नारळ, दिवा, सगळं खाली गेलं. फोटो आधीच काढले होते म्हणून बरं. लिहिणाऱ्या शिपायाचा पेन हातातून पडला.

चौकीदार त्या संध्याकाळी फारसं न विचारता बोलला. इंजिनीअरच्या मजुरांनी चहाच्या टपरीवर सांगितलं होतं की एका बोअरमध्ये सात मीटरवर लोखंडी दांडा आपोआप हातभर खाली गेला, पाणीही गडप झालं, खाली पोकळ आहे. आमच्या भागात खाली चुनखडी आहे, तिच्यात पाण्याने अशा पोकळ्या होतात. पूल कुठे पेलेल आणि कुठे नाही हे कळावं, म्हणूनच ते बोअर घेतात. चौकीदाराला त्यात तळघर दिसलं.

"पुलाचं नुसतं नाव हाय साहेब," तो मला तेव्हाही समजावत होता. "सरकार उगाच कायले भोकं पाडते? त्यायले ठाऊक असते खाली काय हाय थे. आपल्या गावचं धन त्यायनं न्यावं का?"

मांत्रिकाच्या पिशवीत काजळाची डबी, कुंकू, लहान मुलीचा नवा कोरा हिरवा फ्रॉक आणि एक सुरी होती. सुरी नारळासाठी होती, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. नारळ तर खड्ड्याच्या कडेला फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता आणि तो फोडायचा नव्हता. आतापर्यंत मुलीला कडेवर बसवायचे, मग त्या दिवशीच का आत उतरवलं, असं विचारलं की तो पुन्हा नारळाचंच सांगायचा.

मुलीचा जबाब महिला शिपायाने आईच्या मांडीवर बसवूनच घेतला. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो.

"अंजनात तुला काय दिसायचं?"

"काईच नाई. माहं तोंड."

"मग काकाला काय सांगायचीस?"

"पहिल्या दिशी काईच दिसत नाई म्हटलं, तं थो बाबा लय चिडला. म्हने नीट पाह्य, नाई तं घरी जाऊ देनार नाई. मंग मी म्हटलं, दिसते, पन लय खाली हाय. तवा काका खूश झाला. मंग मी रोज तसंच म्हनो. अजून खाली हाय. अजून थोडं खाली."

खड्डा रोज कशामुळे खोल होत होता ते तेव्हा कळलं.

दोघांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. मुलीने न्यायालयात न अडखळता साक्ष दिली. दोघांना शिक्षा झाली. पुलाचे खांब पोकळी टाळून वरच्या अंगाला घेतले, आणि आज त्यावरून पांढरकवड्याची एसटी जाते.

मी नोकरीत हजारो माणसांना प्रश्न विचारले. त्या मुलीच्या जबाबानंतर मी विचारायची पद्धत बदलली. मागे काठी घेऊन कोणी उभं राहायचं नाही, दार उघडं ठेवायचं, आणि पटकन मिळालेल्या, मला आवडलेल्या उत्तराला आधी बाजूला ठेवायचं. भ्यालेला माणूस समोरच्याला काय हवं ते ओळखतो आणि तेच देतो. आपण त्याला पुरावा समजून आणखी खणत जातो.

निकालानंतर दंडाच्या रकमेतून दहा हजार रुपये मुलीला नुकसानभरपाई म्हणून मिळाले. ते तिच्या नावाने बँकेत भरले गेले. त्या दिवशी तिची आई पासबुक पदराखाली धरून ठाण्यात आली. खुर्चीवर बसली नाही.

"साहेब, एक इचारू? हे घेतलं तं लोकं म्हनतीन, पोरीले धन भेटलं. पुन्हा कोनी तिले अंजनात पाहाले बोलावनार नाई ना?"

मी "नाही" म्हणालो. तिला तेच ऐकायचं होतं.